तिसऱ्या बाजूनंतर

रेकॉर्ड धुवायची असेल तर रिठे वापरावेत. साबण नको, कपड्याचा सोडा तर नकोच. रिठे आदल्या दिवशी भिजत घालावेत, पाणी दोनदा गाळून घ्यावं, जुन्या मलमलीच्या फडक्याने खाचांच्या दिशेने गोल पुसत जावं, आणि मधल्या कागदाला थेंबही लागू देऊ नये. कागद भिजला की त्यावरची अक्षरं गेली. धुळ्याला आग्रा रोडच्या एका गल्लीत रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीचं माझं दुकान अडतीस वर्षं चाललं, ते बरंचसं या रिठ्यांवर आणि सुईच्या टोकावर.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी दुकानातल्या गमतीजमती मागितल्या. त्या पुष्कळ आहेत. आमच्याकडे एप्रिल लागला की रेकॉर्ड वाकतात. एकजण शिरपूरहून ट्रॅक्टरच्या सीटवर रेकॉर्ड ठेवून आला. दुकानात पोचेपर्यंत तिची परडी झाली होती. "हिच्यात शेंगा भरू का?" असं त्यानेच विचारलं. वाकलेली रेकॉर्ड दोन जाड काचांमध्ये धरून सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवायची आणि ऊन तापायच्या आत उचलायची, हा माझा उपाय. दहातल्या सहा सरळ व्हायच्या. अमळनेरच्या एक आजी लोणच्याच्या बरणीवरचं झाकण म्हणून वापरलेली रेकॉर्ड घेऊन आल्या होत्या.

"अक्का, यावर गाणं आहे हो."

"गानं शे, ते माले माहीत शे. पन झाकन बी चांगलं व्हतं."

मी ती चार वेळा धुतली. सुरुवातीच्या पाव इंचात मेथीचा वास कायम राहिला, पण गाणं लागलं.

अशा गोष्टींनी अंकाची चार पानं भरतील. पण मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, आणि एक गोष्ट अशी आहे जी गंमत नाही. ती मी फक्त एका माणसाला सांगितली आहे. त्यानेच ती छापून आणायची अट घातली.

पिंपळनेरच्या पलीकडे आदिवासी पाड्यांमध्ये एक फ्रेंच नर्सबाई दवाखाना चालवायच्या. त्यांचा रेडिओ मी दोन-तीनदा दुरुस्त केला होता. कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा त्यांनी चौदा लाँग प्ले रेकॉर्डची लाकडी पेटी माझ्या दुकानात आणून ठेवली. "तुम्ही सांभाळाल," एवढंच मराठीत म्हणाल्या. पेटीला वाळवी लागली होती. वरची पुठ्ठ्याची पाकिटं हाताला भुगा लागावा तशी गेली होती, आणि त्यांच्यावर संगीताबद्दल जे काही छापलेलं असेल तेही गेलं. उरल्या काळ्या तबकड्या, आणि त्यांच्या मधोमध फ्रेंचमध्ये छापलेले गोल कागद.

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. गिऱ्हाइकांना इंग्रजी आकडे वाचता येत नसत, बाजू उलटसुलट लावून ते सुईला दोष देत. म्हणून धुतलेल्या प्रत्येक रेकॉर्डवर मी कागदाची छोटी गोल चकती डकवायचो आणि तिच्यावर बोरूने मराठी आकडा काढायचो. चकती बरोबर छापील आकड्यावरच बसवायची, म्हणजे घोटाळा नको. दोन रेकॉर्डचा संच असला तर पहिलीवर एक आणि दोन, दुसरीवर तीन आणि चार. यात विचार करण्यासारखं काय आहे? माझ्या चकत्यांवर धुळे जिल्ह्यात लोकांचा विश्वास होता, आणि मला त्याचा तोरा होता.

पेटीत दोन रेकॉर्डची एक सिंफनी होती. सिंफनी म्हणजे पाऊणशे माणसांनी एकत्र वाजवायची मोठी रचना, साधारण चार भागांची. मी त्या दोन्ही रेकॉर्ड धुतल्या आणि खाली काय छापलंय हे न बघता एक, दोन, तीन, चार अशा चकत्या डकवल्या. तिचा रचनाकार कोण्या छोट्या फ्रेंच गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि आयुष्यात त्याने ही एकच सिंफनी लिहिली, हे मला फार पुढे मोबाईलवर कळलं. त्याचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही. ते चुकीचं छापून त्याच्यावर आणखी एक अन्याय करत नाही.

हनीफ मास्तर लग्नाचा बँड चालवायचे आणि स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. त्यांच्या गाडीवरच्या भोंग्याचा अँप्लिफायर जळाला, म्हणून ते एका गुरुवारी दुपारी दुकानात बसले होते. मी नवी सुई तपासायला हाताला आली ती रेकॉर्ड लावली. ती या सिंफनीची पहिली बाजू होती. मास्तर चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबले.

"भाऊ, हाई काय शे?"

"फ्रान्सचा बाजा आहे."

"हाई पितळ शे ना? मंग हाई थरथरस कसं? आपलं पितळ तं भुकस!"

त्यांच्या कानाने जे पहिल्या मिनिटात पकडलं, ते मी नंतर वर्षभर ऐकलं तेव्हा मला कळलं. जुन्या फ्रेंच वाद्यवृंदांत पितळी वाद्य असं वाजवत की सूर गळ्यातून आल्यासारखा किंचित कापतो. आणि पाऊणशे माणसं वाजवत असूनही प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं. नाकात बोलणारं एक लाकडी वाद्य आहे, सनईच्या लांबच्या नात्यातलं एक आहे, आणि सगळ्यांच्या खाली चिमटीने छेडलेल्या जाड तारा. कोणीही कोणाच्या अंगावर जात नाही. मास्तर म्हणाले, "मन्हा बँडमा बारा माणसं, आनि बारा भांडणं. आठे बठ्ठा जण एकच श्वास लेतस." आमच्या अहिराणीत आठे म्हणजे इथे, बठ्ठा म्हणजे सगळे.

चहा गार झाला. अँप्लिफायर राहिला. त्या दुपारी त्यांनी चारही बाजू ऐकल्या, माझ्या चकत्यांच्या क्रमाने.

तेव्हापासून गुरुवारची दुपार ठरून गेली. हळूहळू सात-आठ माणसं जमायला लागली. एक पोस्टातले होते, एक शिंपी, एक होमिओपॅथीचे डॉक्टर. कोणालाच या संगीताचं शिक्षण नव्हतं. पेटीतल्या इतर रेकॉर्डही आम्ही ऐकल्या. एकीत दलदलीवरचं धुकं उतरत होतं, निदान आम्हाला तसं वाटायचं. एकीत गावची जत्रा होती आणि तिच्यातून कोणीतरी एकटाच परत चाललेला होता. हे सगळे रचनाकार त्यांच्या देशातही फारसे कोणाला ठाऊक नव्हते म्हणे. आम्हाला काय फरक पडत होता? आमच्यासाठी सगळा फ्रान्सच अप्रसिद्ध होता. बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन, शटर अर्धं खाली, आणि आत एका काळ्या तबकडीतून कुठल्यातरी थंड गावची सकाळ येते आहे, याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटायचं. आजही वाटतं. खाच ती केवढी, केसापेक्षा बारीक. सुईचं टोक त्यात चालतं आणि पाऊणशे माणसांचा श्वास बाहेर येतो. मी जन्मभर तेच काम केलं आणि ते कसं होतं हे कोणालाही समजावून सांगू शकतो, पण ते होतं याच्यावर माझा अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही.

त्या सिंफनीचा आम्हाला ठाऊक असलेला क्रम असा होता. पहिल्या बाजूला पाच सुरांची एक चाल खालून वर येते. दुसऱ्या बाजूला एक पितळी सूर एकदम वरून पडल्यासारखा येतो, सगळा वाद्यवृंद पेटतो आणि तीच पाच सुरांची चाल मिरवणुकीसारखी परत येते. तिसऱ्या बाजूला नाच. आणि चौथी बाजू संथ. ती अशी संपते की सनईच्या नात्यातलं ते वाद्य एकच सूर धरतं, बाकीचे एकेक करून थांबतात, आणि तो सूरही विरतो. संपलं.

मास्तरांना हा शेवट फार मोठा वाटायचा. नव्या माणसाला ते आवर्जून सांगायचे, "वरातना शेवट धूमधडाकामा कोनीबी करी. हाऊ माणूस देख, बठ्ठं वाजाडी झाल्यावर गुपचूप घर जास." आम्ही माना डोलवायचो.

चार वर्षं हे चाललं. मग मला नरडाण्याहून बोलावणं आलं. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या मॅनेजरांचा रेकॉर्ड चेंजर अडकला होता. चेंजर म्हणजे असा प्लेअर की ज्याच्या मधल्या दांडीवर चार-सहा रेकॉर्ड एकावर एक ठेवता येतात. एक संपली की वरची आपोआप खाली पडते. आमच्या भागात असली यंत्रं विरळा. मी दुरुस्त करून त्यांच्याच दोन रेकॉर्डच्या संचाने तपासायला घेतला आणि हसलो.

"साहेब, यांच्या छापखान्याने घोळ केलाय. एका रेकॉर्डवर एक आणि चार, दुसरीवर दोन आणि तीन."

"घोळ नाही," ते म्हणाले. "चेंजरसाठी मुद्दाम तसं छापतात. पहिल्या दोन बाजू ओळीने पडतात, मग सगळी चळत उलटी केली की तीन आणि चार."

मी हसू आवरलं. मला माझ्या चकत्या आठवल्या.

धुळ्याला परतल्यावर मी सिंफनीच्या पहिल्या रेकॉर्डवरची माझी 'दोन'ची चकती ओल्या कापसाने सोडवली. खाली फ्रेंच छपाईत चार होता. दुसऱ्या रेकॉर्डवरच्या तीन-चारच्या चकत्यांखाली दोन आणि तीन. म्हणजे आम्ही दुसरी म्हणत होतो ती शेवटची होती, आणि ज्या संथ बाजूवर मास्तरांचा एवढा जीव होता तिच्यानंतर अजून एक अख्खा भाग होता.

मी काय केलं? नवी खळ केली आणि चकत्या परत डकवल्या. पुढच्या गुरुवारी सांगू म्हटलं. त्या गुरुवारी शिंप्याने आपल्या मेव्हण्याला आणलं होतं आणि मास्तर त्याला शेवट समजावत होते. पाहुण्यासमोर कशाला, म्हणून राहिलं. नंतरच्या गुरुवारी भंगाळे मॅडम पहिल्यांदा आल्या. देवपूरच्या कॉलेजात त्या इतिहास शिकवायच्या. चारही बाजू त्यांनी डोळे मिटून ऐकल्या आणि म्हणाल्या, "क्रम चुकला नाही ना? पहिल्या बाजूची चाल दुसऱ्या बाजूला इतक्या थाटात परत येते. आल्या आल्या कोणी निरोप घेतं का? मला वाटतं, ही दुसरी बाजू शेवटी असावी."

संगीताचं कसलंही शिक्षण नसताना या बाईंनी नुसत्या ऐकण्यावरून ते ओळखलं होतं. मी तेव्हा उठून त्यांना नमस्कार करायला हवा होता. त्याऐवजी मी रेकॉर्ड उचलून माझी चकती त्यांच्यासमोर धरली.

"मॅडम, आकडा वाचा. इतिहासात घडून गेलेलं बदलता येत नाही, तसंच रेकॉर्डवर छापलेलंही."

सगळे हसले. मास्तरही हसले. मॅडमनी त्या चकतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही तर तुमच्या हातची आहे," असं म्हणता आलं असतं त्यांना. त्या उठून गेल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत.

आपण खोटं बोललो तर पुढे केव्हातरी खरं बोलता येईल असं वाटतं. पण त्या हसण्यानंतर माझ्याकडून ते झालं नाही. आधी मी चुकलो होतो, आता मी खोटा होतो. चूक कबूल करणं जमलं असतं.

दोन वर्षांनी मास्तरांच्या पत्नी, जुबेदाभाभी, गेल्या. मास्तर रेकॉर्डची पेटी आपल्या घरी घेऊन गेले. महिनाभर ते रोज ती संथ बाजू ऐकायचे, असं त्यांची मुलगी शबाना हिने मला सांगितलं. महिन्याने ते दुकानात आले आणि म्हणाले की बँड मोडतो आहे, पोरांनी आपापलं पाहावं. ऐन लग्नसराई तोंडावर होती, वय काही फार नव्हतं. मी खूप समजावलं.

"भाऊ, त्या फ्रान्सवालाले समजनं ते माले समजनं," ते म्हणाले. "एक सूर राहस, मंग तो बी जास. त्यानंतर काही नही."

काउंटरच्या अलीकडे मी उभा होतो. त्यानंतर काय आहे, हे त्या गावात फक्त मला माहीत होतं. मी म्हटलं, "चहा घ्या."

मास्तरांनी क्लॅरिनेट पुन्हा हातात धरलं नाही. काही वर्षांनी ते शबानाकडे जळगावला राहायला गेले. मी दुकान बंद केलं. नरडाण्याचे मॅनेजर बदलून जाताना त्यांचा चेंजर मला देऊन गेले होते, तो माळ्यावर पडून राहिला. मी तिकडे बघत नसे.

या वर्षी होळीनंतर शबानाचा फोन आला. "काका, अब्बांचे कान चाललेत. डॉक्टर म्हणतात, या वर्षात बरंच जाईल. मशीन लावलंय, पण त्यातून बोलणं कळतं, गाणं पत्र्यासारखं लागतं. काढून फेकतात. तुमची आठवण काढतात."

आता बोललो नाही तर पुढे सांगूनही उपयोग नव्हता. ऐकायला कान उरणार नव्हते. मी चेंजर खाली काढला, नवं रबर बसवलं, आणि तो मांडीवर घेऊन जळगावच्या एसटीत बसलो. पारोळ्यापर्यंत मनात वाक्यं जुळवली. एरंडोलला ती सगळी पुसली गेली.

मास्तर पलंगावर ताठ बसले होते. माझ्या टकलाकडे बघत म्हणाले, "उना का भाऊ! डोकावरना केस कथा सोडी उना?" मग लगेच, "लाव आपली सिंफनी."

पेटी त्यांच्या उशाशीच होती. मी खिडकीत उभा राहून दोन्ही रेकॉर्डवरच्या चकत्या ओल्या फडक्याने काढल्या. दोन्ही रेकॉर्ड दांडीवर चढवल्या. पहिली बाजू झाली. ती उलटायच्या ऐवजी वरची रेकॉर्ड टपकन पडली आणि नाच सुरू झाला.

"चुकनं भाऊ. हाई तिसरी शे."

मग मी सांगितलं. त्यांच्या कानाशी वाकून, मोठ्या आवाजात, म्हणजे स्वयंपाकघरात शबानालाही ऐकू गेलं. चकत्यांचं, नरडाण्याचं, मॅडमचं, आणि बँड मोडतोय सांगायला आले तेव्हा मी चहा घ्या म्हटलं त्याचं. नाच मागे चालूच होता.

"कितला वरीसपाईन मालूम व्हतं तुले?"

मी सांगितलं. तीसच्या वर वर्षं झाली होती. मास्तरांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "लाव पुढे."

नाच संपल्यावर मी चळत उलटी केली. संथ बाजू लागली. ती त्यांच्या अंगात मुरलेली होती, त्यामुळे जिथे कान कमी पडत होते तिथे त्यांचे ओठ हलत होते. शेवटी सनईच्या नात्यातल्या त्या वाद्याने सूर धरला, बाकीची वाद्यं थांबली, तो सूर विरला. मास्तरांनी तोच सूर ओठ मिटून गुणगुणत धरून ठेवला. कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक. सुई उचलली गेली, दांडा मागे गेला, वरची रेकॉर्ड पडली, सुई परत खाली आली. दहा-बारा सेकंद. मास्तरांचा श्वास क्लॅरिनेटवाल्याचा, अजून पुरला.

आणि तो पितळी सूर, जो इतकी वर्षं आम्हाला वरून पडल्यासारखा वाटायचा, तो बरोबर त्यांच्या गुणगुणण्यावर येऊन उभा राहिला. तोच सूर होता. एका वाद्याने सोडलेला, दुसऱ्याने उचललेला. मध्ये फक्त श्वास होता. मग पाच सुरांची ती चाल परत आली, आणि या वेळी ती लांबून, सगळ्यातून जाऊन आलेली होती.

मास्तरांचं तोंड उघडं राहिलं होतं. शबाना कणकेच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

बाजू संपली तेव्हा मास्तर म्हणाले, "जुबेदा गयी तवय मी आठेच बसी ऱ्हायनू. आनि हाऊ फ्रान्सवाला तं उठीसन पुढे निंघी गया व्हता."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी हात झटकला. "माफीनं मंग देखसूत. कान शेतस तोपावत माले ऐकू दे. आनि त्या मॅडमले चार लोकसमोर खोटं पाडं ना तू? आते चार लोकसमोरच लिख."

म्हणून हे लिहिलं. भंगाळे मॅडम, तुम्ही कुठे आहात याचा मला पत्ता लागला नाही. तुम्ही बरोबर होता, आणि ते मला त्या वेळी माहीत होतं.

माफीचा विषय मास्तरांनी पुन्हा काढलेला नाही, मीही काढत नाही. दर गुरुवारी सकाळच्या एसटीने जातो. क्लॅरिनेट वाजवायला आता त्यांना समोरचे दात नाहीत. दर महिन्याला काहीतरी कमी ऐकू येतं. आधी बासरी गेली, मग तारांचा वरचा भाग. श्रावणात सनईच्या नात्यातला तो शेवटचा सूर गेला. पितळ अजून येतं, हात स्पीकरच्या लाकडावर ठेवला तर. पण त्याच्या आधीचा सूर कधी धरायचा, हे त्यांना आता कळत नाही. त्यासाठी ते माझ्याकडे बघतात. तो सूर विरायला लागला की मी बोट वर करतो, मास्तर ओठ मिटून तो धरतात, आठवणीने, आणि तो अजून बरोबर लागतो. रेकॉर्ड पडते. मी बोट थोडं आधी किंवा थोडं उशिरा उचललं तरी त्यांना कळायचा काहीच मार्ग नाही. त्यामुळे मी आयुष्यात कधी ऐकलं नाही इतकं लक्ष देऊन ऐकतो.